आप्पा काय म्हणाले

ब्राउनश्वाइग, रविवार, १९ एप्रिल २०२६

वही जुनीच आहे. पहिल्या तीन पानांवर मागच्या वर्षीच्या वजनाच्या नोंदी आहेत, पुढे उत्साह संपला. आज पुन्हा उघडली, कारण आज मला कुणीतरी इंजिनीअर म्हणून प्रश्न विचारला. ऑफिसात असं होऊन दोन वर्षं झाली. आमचा इंजिनाचा विभाग बंद झाला आणि आम्हा सगळ्यांना बॅटरीच्या कागदपत्रांवर बसवलं. इंजिनाच्या वॉल्व्हवर डॉक्टरेट केलेला मी आता दुसऱ्यांच्या तक्त्यांमधल्या चुका शोधतो.

प्रश्न विचारला तळमजल्यावरच्या हेर, म्हणजे श्रीयुत, ल्यूडेकेंनी. वय एकाहत्तर. शाळेत संगीत शिकवायचे, आता एकटेच असतात. इमारतीमागच्या गॅरेजांच्या रांगेत त्यांची १९७० सालची अमेरिकन गाडी आहे, आठ सिलिंडरची, नाकापासून शेपटीपर्यंत चालत जायला वेळ लागेल एवढी. तिला ते 'डी डिके' म्हणतात, म्हणजे जाडी. तिचं सगळं त्यांचा मित्र हायनर बघायचा, तो हिवाळ्यात वारला. आता इंजिन टकटक करतंय आणि रॉकर आर्म झिजलेत, इतपत ल्यूडेकेंना कळतं. रॉकर आर्म म्हणजे वॉल्व्हच्या डोक्यावरची छोटी सीसॉ. एक टोक खालून वर ढकललं जातं, दुसरं टोक वॉल्व्ह दाबून उघडतं. असे सोळा.

"हेर डॉक्टर, मला टिकतील असे हवेत," ते म्हणाले. "माझ्या हयातीत पुन्हा झाकण उघडायला नको." मेअखेरीला फिंग्स्टनच्या, म्हणजे इथल्या एका ख्रिस्ती सणाच्या, रविवारी हार्ट्‌सच्या डोंगरात टोर्फहाउसला जुन्या गाड्यांचा मेळावा असतो. ते आणि हायनर दर वर्षी जायचे. या वर्षी एकट्याने का होईना, त्यांना जायचंच आहे.

मी "नातुर्लिश" म्हणालो, म्हणजे अर्थातच. इथे खरं लिहायला हरकत नाही. मी आयुष्यात एकदाही खऱ्या इंजिनाचं झाकण उघडलेलं नाही. माझे सगळे वॉल्व्ह कॉम्प्युटरवर होते.

घरी आप्पा आहेत, म्हणजे माझे सासरे श्यामकांत. दहा दिवसांपूर्वी आले, तीन महिने राहतील. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच आले. चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. दिवसभर बाल्कनीत बसून समोरच्या थांब्यावरच्या बस ऐकतात आणि कुठल्या बसचं काय दुखतंय ते माझ्या बायकोला, देवश्रीला, सांगतात. देवश्री म्हणते, त्यांना कुठेतरी घेऊन जात जा. कुठे नेऊ? ते कुठेही तोच तपकिरी स्वेटर घालून येतात.

बुधवार, २२ एप्रिल

रिपोर्ट तयार केला. अकरा पानं, सात आलेख. शिफारस: रोलरवाले अ‍ॅल्युमिनियमचे रॉकर, १.६ चे. मूळचे १.५ चे आहेत, म्हणजे खालून जेवढं ढकललं जाईल त्याच्या दीडपट वॉल्व्ह उघडतो. माझ्या निवडीने तो आणखी थोडा जास्त उघडेल, इंजिनाला श्वास मोकळा मिळेल, ताकद वाढेल. आलेख फार सुंदर आला.

ल्यूडेकेंनी टिकाऊपणा विचारला होता हे मला माहीत आहे. पण टिकाऊपणाचा आलेख म्हणजे एक आडवी रेघ. ती कुणाला दाखवायची? पीडीएफ पाठवून दिली. दोन वर्षांत पहिल्यांदा ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये झोप लागली नाही, वुल्फ्सबुर्ग येईपर्यंत जागा होतो आणि मजेत होतो.

शनिवार, २५ एप्रिल

आज जे केलं ते लिहून काढतो. लिहिलं की लहान वाटेल, असं वाटतंय.

सकाळी ल्यूडेकेंच्या गॅरेजात गेलो. देवश्रीने आप्पांना सोबत पाठवलं. इंजिनाची झाकणं काढून ठेवलेली होती. मी लॅपटॉप उघडून ल्यूडेकेंना रिपोर्ट समजावत होतो, ते "या, या", म्हणजे हो, हो, करत होते. तेवढ्यात आप्पा न विचारता इंजिनावर वाकले. खिशातून एक पोलादी पट्टी काढली. डेपोतली पट्टी, सामानात टाकून आणलीय. रॉकर ज्या खुंटांवर बसतात त्या स्टडच्या डोक्यांवर त्यांनी ती आडवी ठेवली आणि एक डोळा मिटून खालून बघितलं. तेव्हापासून ल्यूडेकेंनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं नाही.

"उत्कर्षराव," आप्पा म्हणाले, "हे स्टड आट्यांचे नाहीत. नुसते ठोकून बसवलेत. हा तिसरा बघा, केसभर वर आलाय, म्हणजे सुटायला लागलाय. यांना सांगा, रॉकर साधा पोलादाचा घ्या, आहे त्याच मापाचा. आणि आधी हेड उतरवून आट्यांचे स्टड बसवून घ्या. नाहीतर कितीही भारीतला रॉकर घाला, जोर वाढला की स्टडच उपटून येईल."

"वास झाग्ट डेअर माइस्टर?" ल्यूडेकेंनी विचारलं. माइस्टर काय म्हणतायत?

इथे माइस्टर म्हणजे साधी गोष्ट नाही. परीक्षा द्यावी लागते, भिंतीवर प्रमाणपत्र लावतात. ती पदवी ल्यूडेकेंनी तपकिरी स्वेटरला एका मिनिटात देऊन टाकली. मला 'हेर डॉक्टर' म्हणताना त्यांच्या आवाजात हे कधी आलं नव्हतं.

मी म्हणालो, "ते म्हणतात, स्टड सगळे सरळ आहेत. आणि माझी शिफारस त्यांना पटते. अ‍ॅल्युमिनियम, १.६."

ल्यूडेके खूश झाले. आप्पांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि म्हणाले, मग आजच मागवतो. रिपोर्ट बुधवारपासून त्यांच्याकडे होता, तोवर रॉकर नव्हते मागवले.

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "एवढ्यात सांगून झालं? मी बरंच बोललो होतो."

"जर्मनमध्ये थोडक्यात सांगतात," मी म्हणालो.

"असं का," म्हणाले आणि पट्टी खिशात ठेवली.

रविवार, २६ एप्रिल

लिहून लहान झालं नाही.

तरी माझी बाजू मांडतो. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा अख्खा भाग, उतरवायचं म्हटलं तर महिना गेला असता, फिंग्स्टन हुकलं असतं. शिवाय केसभर म्हणजे किती? आप्पांनी मोजलं नाही, डोळ्याने बघितलं. माझ्याकडे सात आलेख आहेत.

आणि खरं कारण असं की मला त्यांची लाज वाटली. स्वेटरची, वाकून एक डोळा मिटण्याची, माझं बोलणं चालू असताना मध्येच सुरू होण्याची. ज्याने मला मुलगी दिली त्या माणसाची लाज वाटली, आणि ती लपवायला मी त्याच्या तोंडात माझी वाक्यं घातली.

शनिवार, ९ मे

रॉकर आले. निळ्या रंगाचे, दागिन्यांसारखे मांडलेले. डब्यावर अंगठ्याएवढ्या अक्षरांत १.६ छापलेलं. आप्पांना जर्मन येत नाही, आकडे येतात.

"हेच ठरलं का?" त्यांनी मला विचारलं.

"त्यांचीच इच्छा आहे, आप्पा. गाडी त्यांची."

"गाडी त्यांची, ते बरोबर." डबा खाली ठेवून म्हणाले, "आणि स्टडचं?"

"नंतर करू म्हणतात."

आता ल्यूडेकेंच्याही तोंडात माझं वाक्य गेलं. मग आप्पांनी बाह्या सारल्या आणि दिवसभर ते काम करत राहिले. एकेक रॉकर तेलात बुडवून बसवला, एकेक वॉल्व्ह बंद आहे ना ते बोटाने चाचपून नट आवळला. मी टॉर्च धरायला होतो. ल्यूडेके शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक वेळी "गेनाऊ" म्हणत होते, अगदी बरोबर. दुपारपर्यंत आप्पाही "गेनाऊ" म्हणायला लागले. मला टॉर्च नीट धरता येत नव्हता, आप्पांनी तीनदा माझं मनगट धरून हवं तिथे वळवलं. रागावले नाहीत.

शेवटी त्यांनी ल्यूडेकेंना गाडीत बसवलं, आरपीएमच्या काट्यावर तीनच्या आकड्याशी बोट ठेवलं आणि त्याच्यापुढे नाही, असं मान हलवून सांगितलं. दोनदा सांगितलं. ल्यूडेकेंनी हसून सलाम ठोकला. मलाही हसू आलं. डिझेल वाचवायची एसटीची सवय दिसतेय.

गुरुवार, १४ मे

सुट्टी होती. पहिली फेरी झाली, शहराबाहेर शेतांमधून अर्धा तास. गाडी उत्तम चालली. टकटक बंद. ल्यूडेकेंनी आप्पांना गॅरेजची जादा किल्ली देऊन टाकली आणि मला म्हणाले, "माइस्टरना सांगा, केव्हाही या." हे मी बरोबर सांगितलं.

आप्पा आता रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खाली जातात. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही आणि दोन-दोन तास काय बोलतात देव जाणे. ल्यूडेके थर्मासमध्ये कॉफी आणतात, आप्पा डब्यात चिवडा नेतात. एक दिवसाआड आप्पा डावीकडचं झाकण उघडून आत बघतात आणि पुन्हा लावतात. हौस आहे.

"आई गेल्यापासून आप्पांना असं बघितलं नव्हतं," देवश्री मला म्हणाली. "तू हे फार चांगलं केलंस."

मी "हं" म्हणालो. मला वाटतं प्रकरण मिटलं. माझी निवड बरोबर निघाली, मग भाषांतरात काय झालं याला फारसा अर्थ उरत नाही.

रविवार, २४ मे

अकराच्या सुमाराला ल्यूडेकेंचा फोन आला. टोर्फहाउसच्या चढावर गाडी बंद पडली होती. सकाळी दोघं मिळून गेले होते, हायनरच्या जागेवर आप्पा.

मी माझी इलेक्ट्रिक गाडी घेऊन गेलो. रस्त्याच्या कडेला जाडी उभी होती, तिच्याखाली तेलाचं थारोळं. वर मेळाव्याला निघालेल्या जुन्या गाड्या तिच्याजवळ आल्या की हळू होत होत्या, लोक काचा खाली करून बघत होते. ल्यूडेकेंनी झाकण उघडलेलं होतं. तिसरा स्टड मुळापासून उपटून आला होता. रॉकर सुटून झाकणाला आतून भोक पडलं होतं, खालची दांडी वाकली होती. दोन गाड्या शेजारून पुढे गेल्या तेव्हा त्यांना राहवलं नाही, पाय दाबला, हे ल्यूडेकेंनी स्वतःच सांगितलं. पण एवढ्यानं असं व्हायला नको ना, म्हणाले.

आप्पा थोडे बाजूला उभे होते. हात तेलाने काळे, शर्टवर डाग.

"विचारा त्यांना," ल्यूडेके मला म्हणाले. आवाज चढवला नाही, ते चढवत नाहीत. "त्यांनी पट्टी लावून बघितलं होतं. सगळे सरळ आहेत म्हणाले होते. मी त्यांच्या शब्दावर मागवले हे रॉकर. मग हे कसं झालं?"

मी आप्पांकडे वळलो आणि म्हणालो, "हे कसं झालं असं विचारतायत."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, एक मोटरसायकल खालून येऊन वळणापलीकडे गेली तेवढा वेळ. मग म्हणाले, "सांगा, माझ्याकडून चूक झाली. माफ करा म्हणावं."

आणि हे मी जसंच्या तसं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

ल्यूडेकेंनी मान हलवली आणि टोइंगवाल्याला फोन लावला. येताना आप्पा माझ्या गाडीत होते. सीटला डाग पडू नये म्हणून त्यांनी आधी वर्तमानपत्र अंथरलं. अर्ध्या वाटेत म्हणाले, "चांगली आहे गाडी. आवाज नाही अजिबात."

सोमवार, २५ मे

विचार केला. आप्पा बाहत्तर वर्षांचे आहेत. महिन्यापूर्वी आपण नेमकं काय बोललो ते विसरले असतील. त्यांना मनापासून वाटत असेल की आपणच चुकलो. तसं असेल तर आता मी जुनं उकरून काढलं तर त्यांचाच गोंधळ होईल.

वरचं वाचून बघितलं. असं वाक्य दुसऱ्या कुणाच्या तक्त्यात असतं तर मी त्याखाली लाल रेघ मारली असती.

शुक्रवार, २९ मे

आप्पा खाली गेले नाहीत, पाच दिवस झाले. पुन्हा बाल्कनी. बसबद्दलही काही बोलत नाहीत. जिन्यात ल्यूडेके भेटले, गाडी कुठल्या तरी वर्कशॉपला दिलीय, उन्हाळा यातच जाणार म्हणाले. पुढे म्हणाले, "इर श्वीगरफाटर", तुमचे सासरे, "बरे आहेत ना?" माइस्टर हा शब्द गेला.

देवश्रीने विचारलं, "आप्पा असे कसे चुकले रे? डेपोत अख्खी गाडी खोलायचे."

"वय झालंय," मी म्हणालो.

रविवार, ३१ मे

सध्या अधिक महिना चालू आहे. हे माझ्या लक्षातही नव्हतं. आप्पा मात्र त्यासाठी पुण्याहून अनारशाचं पीठ घेऊन आले होते, देवश्रीच्या शुभामावशीने करून दिलेलं. अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. दर तीन वर्षांनी सासूबाई करायच्या. या वेळी आप्पांनी स्वतः तळले. सकाळी नऊपासून गॅसजवळ उभे होते. पहिले चार तुपात विरघळले, तर देवश्रीला म्हणाले, "तुझ्या आईचेही पहिले विरघळायचे." मग जमले. आप्पांनी मोजून तेहतीस लावले.

मला पाटावर बसवलं. अ‍ॅल्युमिनियम मी निवडलं होतं आणि आप्पांनी मात्र माझ्यासाठी चांदीची वाटी आणली होती. अनारशांवर दिवा ठेवून ताट माझ्या हातात दिलं. देवश्रीला माझ्या शेजारी बसायला सांगितलं. आणि मग खाली वाकून त्यांनी आम्हा दोघांना नमस्कार केला. या महिन्यात जावई नारायणाच्या जागी असतो म्हणून तसं करतात, मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी केला होता तेव्हा मी हसत "अहो आप्पा, काय हे" म्हणालो होतो.

आज मी नुसतं खाली बघितलं. त्यांच्या डोक्यावरचा टक्कल पडलेला भाग माझ्या पायांपाशी होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. देवश्री शेजारी होती म्हणून बोललो नाही असं मी आता लिहू शकतो, पण ती नसती तरी बोललो नसतो. मला शरम वाटली आणि मी ताट धरून तसाच बसून राहिलो. दोन अनारसे खाल्ले. छान झाले होते, असंही म्हणालो.

जेवणानंतर आप्पा म्हणाले, "उत्कर्षराव, माझं तिकीट अलीकडचं मिळतं का बघा. घरी कामं पडलीत." घरी काहीही काम पडलेलं नाही. देवश्री स्वयंपाकघरात जाऊन रडली. नऊ जूनचं तिकीट मिळालं, फ्रांकफुर्टहून.

बुधवार, ३ जून

ऑफिसातून आलो तर दाराच्या मुठीला कापडी पिशवी अडकवलेली. आत आप्पांची पोलादी पट्टी, चिवड्याचा डबा धुऊन पुसून, आणि एक कार्ड. ल्यूडेकेंचं अक्षर शाळामास्तरांचं, वळणदार.

आप्पा दाराशी आले. "काय लिहिलंय? वाचा."

लिहिलं होतं: 'आपण घेतलेल्या श्रमांबद्दल आभारी आहे. गॅरेज आता बंद राहील. किल्ली कृपया टपालपेटीत टाकावी. प्रवासासाठी शुभेच्छा.'

मी वाचलं, "तुमच्या मेहनतीबद्दल मनापासून आभार. तुमची आठवण येईल. प्रवास सुखाचा होवो."

"बरं," आप्पा म्हणाले. आत गेले, किल्ली आणली आणि माझ्या हातात ठेवली. "ही परत मागितली असेल ना. देऊन टाका."

मी दारातच उभा राहिलो. त्यांना कार्डातलं अक्षरही वाचता येत नाही. त्यांना माझं तोंड वाचता येतं. आणि आज येतं म्हणजे परवाही येत होतं. डोंगरात येत होतं, डब्यावरचा १.६ बघितला तेव्हा येत होतं, पहिल्या दिवशी गॅरेजच्या बाहेर "एवढ्यात सांगून झालं?" म्हणाले तेव्हाही. एक दिवसाआड झाकण उघडून ते तिसरा स्टड बघत होते. तीनच्या आकड्यावर बोट एसटीच्या सवयीने ठेवलं नव्हतं. सगळं ठाऊक असताना त्यांनी माझे रॉकर बसवले आणि वाचवता येईल तेवढं वाचवायचा प्रयत्न केला. काहीही विसरलेले नव्हते.

मग चूक झाली असं का म्हणाले? जावयाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही म्हणून?

गुरुवार, ४ जून

आज लंच ब्रेकमध्ये ल्यूडेकेंना ईमेल लिहिली. चार वेळा लिहिली. 'भाषांतरात एक गैरसमज झाला' अशी सुरुवात केली आणि पुसली. गैरसमज कुणाचाच झालेला नाही.

ईमेलने नाही सांगायचं. आप्पांच्या समोर सांगायचं, आणि ते जायच्या आधी.

शनिवार, ६ जून

सकाळी ल्यूडेके गॅरेज आवरताना खिडकीतून दिसले. मी आप्पांना म्हणालो, "खाली चला. मला त्यांना सांगायचंय."

काय, ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "कशाला? मी मंगळवारी जाणार. तुम्हाला इथे राहायचंय. शेजार तुमचा आहे."

एवढंच कारण होतं. तीन दिवस मी रीतीभाती आणि मानपान यांचा विचार करत होतो. त्यांनी एवढाच हिशेब केला होता की दोघांपैकी कुणाची पत गेली तर कमी अडेल.

"चला," मी म्हणालो. आले. स्वेटर घालून आले.

रिकाम्या गॅरेजात ल्यूडेके फळीवरचे डबे पुसत होते. मी उभ्याउभ्याच जर्मनमध्ये सगळं सांगितलं. आप्पांनी त्या दिवशी नेमकं काय म्हटलं होतं ते पहिल्यापासून, स्टड ठोकलेले आहेत, तिसरा वर आलाय, पोलादाचेच घ्या, हेड उतरवा. हे सगळं आप्पांचं आणि अ‍ॅल्युमिनियम फक्त माझं. डोंगरात त्यांनी चूक पत्करली ती माझी होती. सांगताना मी दोनदा अडखळलो, माझं जर्मन चांगलं आहे तरी. मग वळून हेच मराठीत आप्पांना सांगायला लागलो, तर ते म्हणाले, "राहू द्या. कळलं मला."

ल्यूडेकेंनी फडकं घडी घालून ठेवलं. माझ्याकडे न बघता आप्पांसमोर जाऊन उभे राहिले आणि बोलू लागले, दोन-दोन वाक्यं, मध्ये थांबून, मला सांगता यावं म्हणून. मी सांगत गेलो.

"म्हणतायत, किल्ली मागितली याचं त्यांना वाईट वाटतं. तुमच्याबद्दल त्यांनी दोन आठवडे वाईट विचार केला. पट्टी लावल्यावर तुमचा चेहरा त्यांनी बघितला होता. सगळं सरळ आहे असं म्हणणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं."

आप्पा ऐकत होते.

मग ल्यूडेके माझ्याकडे वळले. "आता हे सांगा. सगळं सांगा, काही गाळू नका. त्यांना म्हणावं, ज्या माणसाने स्वतःच्या सासऱ्याला रस्त्याच्या कडेला उभं करून असं बोलू दिलं, त्याला आम्ही इथे भेकड म्हणतो. अशा जावयाची मला त्यांच्या जागी लाज वाटली असती."

मी सांगितलं. भेकड हा शब्द गाळला नाही, लाजही गाळली नाही.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वेटर खाली ओढून नीट केला आणि म्हणाले, "यांना सांगा, माझ्या जावयाला माझ्यासमोर असं बोललेलं मला चालणार नाही."

मी फळीवरच्या डब्यांकडे बघू लागलो.

"सांगा, उत्कर्षराव."

मी सांगितलं.

"आणि म्हणावं, यांची माफी मागा."

"आप्पा, हे नको."

"जसंच्या तसं सांगा."

मग मी ल्यूडेकेंना जर्मनमध्ये सांगितलं की माझे सासरे म्हणतायत, तुम्ही माझी माफी मागा. ल्यूडेकेंनी आप्पांकडे बघितलं. मग पाय जुळवून माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी माझी माफी मागितली, पूर्ण वाक्यात, माझं नाव घेऊन.

"काय म्हणाले?" आप्पांनी विचारलं.

मी ते त्यांना मराठीत सांगितलं.